न उघडणाऱ्या खिडक्यांचं घर

शनिवारी सकाळी साडेनऊला तांते येटचं टेबल तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर आलं आणि हवेत तरंगायला लागलं, तेव्हा तेसेलला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण तिच्या दोन्ही हातांत दोराचं एक टोक होतं, आणि दोर सोडून टाळ्या वाजवणारी माणसं या धंद्यात फार दिवस टिकत नाहीत, असं शूर्डने तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

शूर्ड म्हणजे सामान हलवणारा. उंचीला दाराएवढा, रुंदीलाही जवळजवळ दाराएवढाच. त्याचा जोडीदार रशीद खाली कालव्याकाठी उभा राहून मुख्य दोर हळूहळू सोडत होता आणि मधूनमधून सायकलवाल्यांवर खेकसत होता.

"बाई," शूर्ड खिडकीतून वाकून म्हणाला, "हे टेबल आहे की बोटीचं डेक?"

"टेबल," तांते येट म्हणाली. "बोट असती तर तुला कशाला बोलावलं असतं? वल्हवत गेले असते."

तांते म्हणजे इथल्या बोलीत मावशी, आणि येट ही तेसेलच्या आईची मावशी. वय एकाहत्तर, आवाज पंचविशीतला, गुडघे मात्र शंभरीचे. नाटकांसाठी कपडे बेतणं हे तिचं काम. राजांचे झगे, भुतांच्या कफन्या, सात नवऱ्या आणि एक अस्वल, सगळं याच टेबलावर कापलं गेलेलं. तीन मीटर चाळीस लांब, एक मीटर दहा रुंद, बीच झाडाच्या एका अखंड फळीचं टेबल, खाली सुटे लाकडी घोडे. त्याला सांधा नाही, कारण सांधा असला की रेशीम त्यात अडकतं. कडेने पितळी चुका ठोकलेल्या, दर दहा सेंटीमीटरला एक. एक्केचाळीस वर्षांत तांते येटने मोजपट्टी शोधण्यात एक मिनिट घालवलं नव्हतं.

पण या घराचा जिना म्हणजे जिना नव्हे, भिंतीला टेकवलेली शिडी. फेब्रुवारीत ती त्यावरून घसरली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर तिने मुकाट्याने तेसेलच्या आईचं ऐकलं आणि पाण्यापलीकडे, शहराच्या उत्तर भागात, लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फक्त एक अट घातली.

"टेबल आत गेलं तर तिकडे काम करीन. नाही गेलं तर कात्र्या डब्यात घालीन आणि टीव्ही बघत बसेन. माझी दोन्हीला तयारी आहे."

दुसऱ्या गोष्टीला तिची अजिबात तयारी नव्हती, हे तेसेलला पक्कं माहीत होतं. जूनमध्ये सुरू होणाऱ्या नाटकातल्या विधवेच्या काळ्या झग्यासाठी नऊ मीटर मखमल तिच्याकडे आली होती, आणि ती रोज रात्री त्या मखमलीवरून हात फिरवायची, जशी बाकीची माणसं मांजरीवरून फिरवतात.

म्हणून तेसेलने आईला सांगितलं होतं, "मापं मी घेते. तू काळजी करू नकोस."

तेसेल पंधरा वर्षांची होती. गेल्याच महिन्यात वर्गापुढे वीस मिनिटं बोलताना पहिल्यांदाच तिचे पाय लटपटले नव्हते, आणि दहापैकी साडेआठ मिळाले होते. तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं की जगातली बहुतेक कामं अवघड नसतात, लोक उगाच घाबरतात. ती वही घेऊन नव्या फ्लॅटवर गेली, खिडकी मोजली आणि आनंदाने जवळजवळ नाचलीच. खिडकी होती दोन मीटर ऐंशी रुंद, दोन मीटर चाळीस उंच. इतक्या मोठ्या खिडकीतून टेबल काय, घोडा आत आला असता. तिने वहीत दोनदा अधोरेखित करून लिहिलं: आरामात जाईल. आणि तांते येटला शब्द दिला.

आता ती जुन्या घराच्या खिडकीत गुडघे टेकून बसली होती आणि टेबल तिच्या नाकापासून हातभर अंतरावर गोल फिरत होतं. वर, घराच्या कपाळातून बाहेर आलेल्या तुळईच्या आकड्याला कप्पी, कप्पीतून दोर. लहानपणापासून तिने हे हजारदा पाहिलं होतं. इथे सगळ्यांचे सोफे, पलंग, पियानो असेच येतात आणि असेच जातात. जिन्याने फक्त माणसं आणि दुधाच्या बाटल्या. पण पाहिलं होतं नेहमी खालून, रस्त्यातून. दोराच्या बाजूने कधीच नाही.

खिडकीच्या खालच्या लाकडावर तिच्या कोपराला काहीतरी खरखरीत लागलं. खाचा होत्या. एक, दोन, मग मोजता येणार नाहीत इतक्या, एकीत एक मिसळलेल्या. रंगाचे थर त्यांवरून पुन्हापुन्हा दिलेले, तरी बोट घातलं की कळत होत्या.

"हे कशाने?"

"दोराने," शूर्ड म्हणाला. "तुझ्या आधी कितीतरी जण इथे टेकलेत. ही घरं गोदामं होती तेव्हा मिरी, कापूस, पिंपं. मग पलंग. मग आमची तांते."

"तुझी नाही," तांते येट मागून म्हणाली.

तेसेलने मान बाहेर काढली आणि रांगेतल्या सगळ्या घरांकडे आडवं पाहिलं. सगळी घरं पुढे झुकलेली. कोणी थोडं, कोणी जास्त, जणू एखाद्या सभेतली माणसं पुढच्या वक्त्याचं नीट ऐकू यावं म्हणून खुर्चीच्या टोकावर आली आहेत. झुकलेली घरं म्हणजे वरून येणारं ओझं भिंतीला धडकू नये म्हणून, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण पाठ असणं निराळं आणि आत्ता टेबलाचा कोपरा खालच्या मजल्याच्या काचेपासून वीतभर दूर राहून शांतपणे खाली उतरताना बघणं निराळं. ही घरं छान दिसावी म्हणून बांधलेलीच नव्हती. ती चालवायची होती. एवढं मोठं विटांचं अवजार, आणि ती पंधरा वर्षं त्याच्याकडे चित्रासारखं बघत आली होती.

"शूर्ड," ती म्हणाली, "तुम्हाला कधी असं वाटतं का, की हे घर—"

"मला 'तुम्ही' म्हणू नकोस, पाठ दुखायला लागते. आणि दोर धर."

टेबल खाली टेकलं. रशीदने त्याच्या पाठीवर थाप मारली, जशी घोड्याला मारतात.

सामानाचा ट्रक पाण्याखालच्या बोगद्यातून गेला. तांते येट आणि तेसेल फेरीबोटीने निघाल्या. मखमल तांतेने ट्रकमध्ये टाकू दिली नव्हती. तिची गुंडाळी चाकांच्या पिशवीत घालून ती स्वतः ओढत होती. बोटीवर सायकलवाल्यांची नेहमीची दाटी. तेसेलने तांतेला कठड्याजवळ जागा करून दिली आणि मनुकांचा पाव अर्धा मोडून हातात दिला.

समोर उत्तरेचा किनारा जवळ येत होता. काचेच्या, धातूच्या, सपाट माथ्याच्या इमारती ओळीने उभ्या.

"फ्रिजचं दुकान," तेसेल म्हणाली. शाळेत सगळे असंच म्हणायचे. "बघ ना. एकाचंही तोंड लक्षात राहत नाही."

"मी माझा फ्रिज निवडलाय," तांते येट म्हणाली. "त्यात दिवा आहे, लिफ्ट आहे आणि शेजारी गाणं शिकणारं कोणी नाही." तिने पाव संपवला, बोटं झटकली, आणि मग पाण्याकडे बघत, अगदी सहज विचारलं, "टेबल जाईल ना गं नक्की?"

"आरामात," तेसेल म्हणाली.

त्या पोहोचल्या तेव्हा शूर्डने ट्रक इमारतीच्या पुढे, पाण्याच्या बाजूला लावला होता आणि विजेवर वर सरकणारी लांब शिडी चौथ्या मजल्याच्या काचेला टेकवली होती. शिडीवर सामान ठेवायचा पाट. सकाळी कालव्याच्या अरुंद रस्त्यात ही शिडी उभी राहिली नसती, पण इथे जागाच जागा. रशीद फ्लॅटमध्ये वर गेला होता. थोड्या वेळाने तो काचेमागे दिसला. त्याने एक हात वर केला, मग दुसरा, मग काचेवरून दोन्ही तळवे फिरवले, जसा एखादा नकलाकार अदृश्य भिंत चाचपतो.

तेसेलचा फोन वाजला.

"तेसेल," रशीदचा आवाज, "यातली उघडते कोणती?"

"काय?"

"खिडकी. उघडते कोणती? वर हाताएवढी एक झडप आहे, हवेसाठी. ती उघडते. बाकीची नुसती काच आहे. बिजागरी नाही, कडी नाही, काही नाही."

तेसेलने वर पाहिलं. दोन मीटर ऐंशी रुंद, दोन मीटर चाळीस उंच. तिने खिडकीची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, कर्णसुद्धा काढला होता. ती उघडते का, हे बघितलं नव्हतं. बघावं असं मनातच आलं नव्हतं. जन्मापासून जिच्या घराच्या खिडक्या चौकटीसकट निघतात, तिच्या डोक्यात हा प्रश्न येणार तरी कुठून?

"आईशप्पथ," ती हळूच म्हणाली.

शूर्ड हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "होतं," तो म्हणाला. "माझा काका एकदा पियानो घेऊन चुकीच्या गावात गेला होता. चल, लिफ्ट बघू."

लिफ्टमध्ये टेबल उभं राहीना, तिरकं बसेना. पायऱ्यांचा जिना बंदिस्त, सिमेंटचा, प्रत्येक आठ पायऱ्यांनी वळणारा. पहिल्याच वळणावर फळीने भिंतीला टेकून स्पष्ट नकार दिला. ती पुन्हा खाली आणून त्यांनी घोंगडीवर, तळमजल्यावर, पत्रपेट्यांच्या खाली आडवी उभी केली. बारा वाजले होते. शूर्डला अडीच वाजता दुसरं काम होतं. आणि जुन्या घराची किल्ली सोमवारी द्यायची होती, म्हणजे परत नेणं हा मार्गच नव्हता.

शूर्डने फळीवरून हात फिरवला. "एक उपाय असतो," तो तांते येटकडे न बघता म्हणाला. "मधोमध कापायची. वर नेऊन खालून पोलादी पट्टी मारायची. सांधा दिसत नाही फारसा."

"दिसत नाही," तांते येट म्हणाली, "पण रेशमाला कळतो."

ती पत्रपेट्यांजवळच्या बाकावर बसली होती, पिशवी गुडघ्यांशी धरून. मग म्हणाली, "काप. नाहीतरी कधीतरी थांबायचंच असतं. काप बाबा, आणि मला कुठेतरी कॉफी मिळते का बघा."

हे तिने इतक्या हलक्या आवाजात म्हटलं की तेसेलने वळून पाहिलं. तांते ओरडली असती, टोमणा मारला असता, तर ती तांते होती. ही बाकावर बसलेली बाई तेसेलला ओळखीची वाटेना.

"पंधरा मिनिटं," तेसेल म्हणाली. "शूर्ड, पंधरा मिनिटं काही कापू नकोस. प्लीज."

"पंधरा मिनिटांत काय करणार?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि लिफ्टमध्ये शिरली. खरं तर तिला रडायचं होतं आणि ते पत्रपेट्यांसमोर करायचं नव्हतं.

चौथ्या मजल्यावर ती मागच्या बाजूला, गॅलरीत आली. इमारतीच्या पाठीला प्रत्येक मजल्यावर अशी लांब उघडी गॅलरी होती आणि सगळ्या फ्लॅटची दारं तिच्यावर उघडायची. तांते येटचं दार डावीकडून तिसरं. ते सताड उघडं होतं. खाली चौकोनी अंगण, हिरवळ, बाकं. सायकली ठेवायच्या तळघराच्या छतावरच ती बाग केलेली होती, म्हणून तिथे ट्रक आणायला मनाई. तशी पाटीच होती. तेसेलने कठड्यावर कोपर टेकले, नाक ओढलं आणि डोळे पुसले.

डोळे पुसल्यावर पहिलं दिसलं ते झाड.

तिच्या शेजारी, गॅलरीत, एक बर्च उभा होता. पांढऱ्या सालीचा, तिच्या दुप्पट उंच, आंघोळीच्या टबाएवढ्या काँक्रीटच्या कुंडीत. पुढे आणखी एक. खालच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावर, दर तीन दारांमागे एक. मापं घ्यायला आली तेव्हा ती त्यांच्या शेजारून गेली होती, बहुतेक एका कुंडीला धडकलीही होती. तिने कुंडीला हात लावून ढकलून पाहिलं. कुंडी तसूभर हलली नाही.

हे वर कसं आलं?

प्रश्न इतका साधा होता की तिने तो मोठ्याने विचारला, झाडालाच. लिफ्टने आलं नसणार. त्या जिन्याने तर मुळीच नाही. इथेच रोपं लावली म्हणावं तर ही कुंडी? कुंडी काही उगवत नाही. म्हणजे कुणीतरी ती उचलली. बाहेरून. मागच्या बाजूने. आणि झाडं मरतात, दुसरी आणावी लागतात, म्हणजे एकदाच उचलून भागणार नाही हे बांधणाऱ्याला ठाऊक असणार. म्हणजे कुठेतरी—

ती कठड्यावरून बाहेर वाकली, सकाळी खिडकीतून वाकली होती तशी, आणि मान वर केली.

छताच्या कडेखालून, इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, राखाडी लोखंडाचा एक पट्टा गेला होता. तिने तो आधीही पाहिला असणार, आणि नक्षी म्हणून सोडून दिला असणार. ती नक्षी नव्हती. तो रूळ होता. आणि अगदी कोपऱ्यात, त्याच राखाडी रंगाच्या झाकणाखाली, पंख मिटून बसलेल्या बगळ्यासारखं काहीतरी दुमडून ठेवलं होतं.

तेसेल चार मजले जिन्यावरून धावत उतरली. लिफ्टची वाट बघणं शक्यच नव्हतं.

इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या प्रोंकबाई तळमजल्याच्या छोट्या खोलीत चीज-पाव खात होत्या. बारीक, चष्मेवाल्या, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. तेसेलने दार वाजवलं आणि दम न घेता सगळं सांगून टाकलं.

"झाडं?" प्रोंकबाई म्हणाल्या. "ती होतीच, मी इथे आले तेव्हा. सहा वर्षं मी त्यांना पाणी घालतेय." त्यांनी पाव खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "खरंच की. ती वर गेली कशी?"

मग दोघी नकाशांच्या जाड फायलीवर अशा तुटून पडल्या की चीज-पाव बाजूलाच राहिला. नळांचा नकाशा, विजेचा नकाशा, आगीच्या वेळी पळायचा नकाशा. शेवटी इमारतीचा उभा छेद सापडला, केक कापल्यावर थर दिसावेत तसा. छतापाशी बोटाच्या नखाएवढा आकडा काढलेला होता, आणि त्यापासून सरळ खाली, सगळ्या गॅलऱ्यांच्या बाहेरून, अंगणापर्यंत एक तुटक रेघ. शेजारी बारीक अक्षर.

तेसेलने त्या रेघेवरून बोट फिरवलं. तिला एकदम असं वाटलं की कुणीतरी, तिला न ओळखणारं, दहाएक वर्षांपूर्वी टेबलावर दिवा लावून बसलं होतं आणि सकाळी तिने पाहिलेल्या दोराचाच विचार करत होतं. फ्रिज, म्हणे. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि आनंदही इतका झाला की ती प्रोंकबाईंच्या खांद्याला जवळजवळ लोंबकळलीच.

"थांब," प्रोंकबाई म्हणाल्या. "खाली काय लिहिलंय वाच. 'कमाल वजन अडीचशे किलो. वापर फक्त झाडांसाठी.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "फक्त झाडांसाठी, बाळ. मी नियम केलेला नाही."

"टेबल बीचचं आहे," तेसेल म्हणाली. "अख्खं, एका खोडातून. सांधा नाही. फक्त पानं तेवढी गेलीत."

प्रोंकबाई हसल्या नाहीत. त्यांनी फाइलमधला एक कागद काढून तारीख पाहिली. "तपासणी मार्चमध्ये झालीय," त्या म्हणाल्या. "आकड्याच्या खाली माणूस उभं करायचं नाही. खालच्या तिन्ही मजल्यांना मी सांगून येते. आणि कठड्यावर घोंगड्या घाला, रंग नवा आहे." जाता जाता त्या वळल्या. "पानं गेलेलं झाड. शाळेत भांडतेस का असंच?"

"आता आता लागलेय," तेसेल म्हणाली.

शूर्डने बातमी ऐकली, छताकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर जे पसरलं ते बघून तेसेलला तो दहा वर्षांचा कसा दिसत असेल ते कळलं. तो ट्रककडे गेला आणि दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून आला. "एकोणीस वर्षं," तो रशीदला म्हणाला, "एकोणीस वर्षांत नव्या इमारतीत कुणी माझ्याकडे दोर मागितला नाही."

"रडू नकोस," रशीद म्हणाला. "दोर ओला होतो."

तांते येट बाकावरून उठली. ती लिफ्टने वर गेली आणि आपल्या नव्या दारात, पिशवी हातात धरून, उभी राहिली.

प्रोंकबाईंनी छतावर जाऊन झाकणाची कुलपं काढली. बगळ्याने पंख उघडले: लोखंडी हात रुळावरून करकरत सरकत आला, तिसऱ्या दाराच्या वर थांबला, आणि दीड मीटर बाहेर झाला. तेसेल खालून बघत होती. कालव्याकाठचं घर ओझ्यासाठी अख्खंच्या अख्खं पुढे झुकायचं. हे झुकलं नव्हतं, ताठ उभं होतं, पण ओझं आलं म्हणताच याने हात पुढे केला होता.

मग सगळं भराभर झालं. शूर्ड आणि रशीदने फळी इमारतीच्या बाजूच्या बोळातून अंगणात आणली, घोंगड्यांत गुंडाळली आणि कडेवर उभी बांधली. शूर्ड हिरवळीच्या कडेला, रेषेपासून लांब, दोर घेऊन. दुसऱ्या मजल्यावरचा एक टकला शेजारी आपणहून त्याच्या मागे येऊन दोराला लागला. एक पातळ दोर फळीच्या शेपटाला, ती वळू नये म्हणून; त्याचं टोक शूर्डने दंडाला गुंडाळलेलं. रशीद आणि तेसेल वर गॅलरीत. बाकीच्या मजल्यांवर लोक कॉफीचे मग घेऊन बाहेर आले होते आणि सल्ले देत होते.

"डावीकडे."

"त्यांची डावी की आपली?"

"तुम्ही कॉफी प्या, वाऊटर."

फळी जमिनीवरून उठली. पहिला मजला. दुसरा. कठड्यांपासून हातभर लांब, सकाळच्यासारखीच, शांत. तिसऱ्या मजल्याशी पाण्याकडून वाऱ्याचा झोत बोळातून आत घुसला आणि सव्वाशे किलोचं झाड सावकाश फिरायला लागलं. कुणीतरी 'ओ ओ' केलं. शूर्डने शेपटाचा दोर ताणला. फळी थांबली, विचार केल्यासारखी, आणि परत सरळ झाली.

"ये," तेसेल पुटपुटत होती, "ये, ये, ये."

आता तिचं टोक कठड्याच्या वर, समोर होतं. रशीदने हात लांबवून घोंगडी पकडली. "ओढायचं नाही," तो तेसेलला म्हणाला. "फक्त वाट दाखवायची. तिला यायचंच आहे." तेसेलने दुसऱ्या बाजूने धरलं. खालून दोर बोटाबोटाने सुटत होता आणि फळी कठड्यावरून घसरत, गॅलरी ओलांडून, थेट समोरच्या उघड्या दाराकडे चालली होती. वळण नाही, कोपरा नाही. पेटीत पत्र सरकावं तशी. तांते येट एक पाऊल मागे सरली, मग दुसरं, मग पार खोलीत गेली, आणि तिच्यामागोमाग टेबल तिच्या घरात आलं.

गॅलऱ्यांमध्ये टाळ्या झाल्या. प्रोंकबाई छतावरून खाली वाकून ओरडल्या, "रंग गेला का?"

"नाही," तेसेलने सांगितलं. थोडासा गेला होता, पण नखाएवढाच.

दोन वाजेपर्यंत फळी तिच्या लाकडी घोड्यांवर बसली. शूर्डने चारही बाजूंनी डोळा लावून पाहिलं, एका घोड्याखाली पुठ्ठा घातला, कॉफी उभ्यानेच प्यायली. तांते येटने त्याच्यापुढे बिस्किटांचा डबा धरला, त्याने एक घेतल्यावर झाकण लावलं, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उघडून धरला.

"दुसरं?" शूर्ड म्हणाला. "बाई, तब्येत बरी आहे ना?"

"घे आणि नीघ. दुसरं काम आहे ना तुला?"

शूर्ड आणि रशीद गेले. तांते येट टेबलाभोवती एकदा फिरली, पितळी चुकांवरून बोट फिरवत. मग तिने पिशवीतून मखमल काढली आणि एका झटक्यात उलगडली. कापड टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं आणि पलीकडे जमिनीवर उतरलं. समोर ती न उघडणारी काच होती, जमिनीपासून छतापर्यंत, आणि तिच्यातून पाण्यावरचा सगळा उजेड आत येत होता. कालव्याकाठच्या त्या अरुंद खोलीत दुपारीसुद्धा दिवा लागायचा.

तांते येट वाकली. चष्मा कपाळावर ढकलला, परत खाली आणला.

"तेसेल. इकडे ये. हा रंग कोणता?"

"काळा. विधवेचा झगा ना? तूच म्हणालीस."

"मी म्हणाले ते सोड. तू बघून सांग."

तेसेल आली आणि तिच्याशेजारी वाकली. मखमल काळी नव्हती. ती हिरवी होती; तळ्याच्या तळासारखी गडद, खोल हिरवी, आणि तांतेने लवेवरून तळहात उलटा फिरवला तेव्हा त्या हिरव्यातून आणखी एक हिरवा उठून आला.

"तीन आठवडे मी हिला दिव्याखाली कुरवाळतेय," तांते येट म्हणाली. तिचा आवाज पुन्हा पंचविशीचा झाला होता. "नाटकवाल्यांच्या माळ्यावरची आहे, त्यांनाही माहीत नसणार. छान. विधवा हिरवीच हवी होती मला, त्या दिग्दर्शकाला कोण सांगणार होतं? आता नाइलाज आहे." तिने बाह्या वर केल्या. "मोठी कात्री दे."

तेसेल वळली. भिंतीशी, लिफ्टने वर आणलेली खोकी छतापर्यंत रचलेली होती, एकतीस. प्रत्येकावर तिच्याच सुबक अक्षरात चिठ्ठी होती: जिन्याखालचं. माळ्यावरचं. मधल्या फडताळातलं. खिडकीच्या कोनाड्यातलं. सगळ्या जागा पाण्यापलीकडच्या घरातल्या, ज्यांतली एकही इथे नव्हती.

"तांते," ती म्हणाली, "कात्री तिकडे कुठे असायची?"

"हाताशी," तांते येट म्हणाली. "उघड बघू सगळी."